विहिरीवरचा कोड आणि पुढची भाषा

वाळवा तालुक्यात माझ्या बहिणीच्या शेतात, विहिरीच्या कठड्याशेजारी, करड्या रंगाची एक प्लास्टिकची पेटी आहे. माझ्या भाच्याने ती बनवली. शेतीची थ्री फेज लाइट आठ तास असते आणि ते आठ तास कधी दिवसाचे, कधी रात्रीचे. रात्रीची पाळी आली की मेहुण्यांना दोन वाजता उठून, हातात बॅटरी घेऊन, बांधाबांधाने विहिरीवर जाऊन स्टार्टरचं हिरवं बटण दाबावं लागे. आता ते काम पेटी करते.

पेटीत एक अर्डुइनो उनो आहे, दोन रिले, सिमकार्डाचं मॉड्यूल आणि पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर. लाइट आली की तिन्ही फेज आहेत का ते ती बघते, मोटरीच्या वर पुरेसं पाणी आहे का ते बघते, मग मोटर सुरू करून मेहुण्यांना मेसेज टाकते. पाणी उतरलं की बंद करते, म्हणजे मोटर कोरडी चालून वाइंडिंग जळत नाही. हे सगळं साधारण बाराशे ओळींच्या कोडमध्ये बसलं आहे. बहुतेक सी, थोडं सी प्लस प्लस. लिहिणारा एकटा, वाचणारा एकटा, दुरुस्त करणाराही तोच.

गेल्या दिवाळीत फराळाचं ताट समोर असतानाच त्याने विचारलं, "मामा, सी तर आली. आता नोकरीसाठी कोणती लँग्वेज घेऊ? कोण पायथन म्हणतंय, कोण जावा, कोण रस्ट. तुम्ही सांगाल ती घेतो."

मी पुण्यात सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरचं काम करतो आहे आणि हा प्रश्न मला दरवर्षी अनेक मुलं विचारतात. त्यातली पुष्कळशी भाच्यासारखीच असतात. आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळांत ८०८५ आणि ८०५१ या चिप अजून शिकवल्या जातात. इंटेलने पहिली १९७६ मध्ये आणली, दुसरी १९८० मध्ये. सगळा वर्ग ते प्रयोग जर्नलपुरते करतो, पण एखाद्याला त्यात खरी गोडी लागते. तो रात्र-रात्र बसून एलईडी लावतो, मोटर फिरवतो, रजिस्टरमधला एकेक बिट ओळखायला लागतो. आणि शेवटच्या वर्षाला कॅम्पस इंटरव्ह्यूच्या जाहिराती बघून तो घाबरतो, कारण तिथे त्याच्या ओळखीचं काहीच नसतं. आपण भलत्याच जागी वेळ घालवला असं त्याला वाटू लागतं.

तसं नाही, हे भाच्याला पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. त्याच्या पेटीतच त्याचा पुरावा होता.

पेटी बसवल्यावर सात आठवडे बिनबोभाट चालली. आठव्या आठवड्यात एके दिवशी लाइट आली, पाणी होतं, तरी मोटर सुरूच होईना. पेटी बंद करून परत चालू केली की सगळं ठीक. वायर हलली असेल म्हणून त्याने सगळे जोड तपासले, रिले बदलला. पुन्हा सात आठवडे ठीक आणि पुन्हा तेच. तेव्हा त्याने कॅलेंडर काढून दिवस मोजले. पन्नासावा दिवस. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अर्डुइनो चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते ३२ बिटांच्या आकड्यात मोजतो. त्या आकड्यात ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या किमती मावतात. इतके मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. त्यानंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते. भाच्याच्या कोडमध्ये 'पुढची तपासणी अमुक आकड्याला' असं आधीच बेरीज करून ठेवलेलं होतं. घड्याळ शून्यावर आलं आणि तो आकडा एकदम ४९ दिवस पुढे जाऊन बसला. पेटी इमानदारीने त्याची वाट बघत होती. उपाय एका ओळीचा: बेरीज करून ठेवण्याऐवजी, मागच्या तपासणीपासून किती वेळ गेला ते वजाबाकीने काढायचं. बिनचिन्हाच्या आकड्यांची वजाबाकी शून्य ओलांडूनही बरोबर येते.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ९५ मध्ये हाच दोष होता. संगणक ४९.७ दिवस सतत चालू राहिला की अडकायचा. जावाचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. जावाच्या स्वतःच्या प्रमाण लायब्ररीत यादीत शोध घेणारं बायनरी सर्च आहे. मधली जागा काढायला त्यात दोन टोकांचे क्रमांक मिळवून दोनाने भागलेले होते. यादी प्रचंड मोठी असली की ती बेरीज ३२ बिटांत मावत नसे आणि आकडा ऋण होऊन बसे. हा दोष तिथे सुमारे नऊ वर्षं होता. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी तो जाहीरपणे मांडला. तो कोड त्यांचाच होता. जावाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसालाही खालच्या मजल्यावरचा बिट असा गाठतो. ज्याने एकदा पन्नासाव्या दिवसाची मोटर दुरुस्त केली आहे, तो असा दोष वासावरून ओळखतो. ही त्याची पुंजी आहे आणि ती कोणत्याही भाषेत वटते.

मग सी येत असताना दुसरी भाषा कशाला, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तरही विहिरीवरच मिळालं.

मेहुण्यांनी एकदा सहज विचारलं होतं, "गेल्या वर्षी मार्गशीर्षात विहिरीला पाणी किती होतं रे? यंदा कमी वाटतंय." पेटीला ते सांगता येईना. उनोवरच्या चिपची चालू कामाची मेमरी २०४८ बाइट. दर दहा मिनिटांनी एक नोंद, एका नोंदीला दोन बाइट, म्हणजे दिवसाला १४४ नोंदी आणि २८८ बाइट. आठवड्याभरात सगळी मेमरी भरून जाईल आणि प्रोग्रामला हलायला जागा उरणार नाही. उलट नेहमीच्या संगणकावरच्या पायथनमध्ये 'एक' एवढा साधा आकडा ठेवायला २८ बाइट लागतात. त्या हिशेबाने उनोच्या मेमरीत जेमतेम ७३ आकडे मावतील. म्हणून विहिरीच्या कठड्यावर सी हीच योग्य भाषा आहे. पण मार्गशीर्षाची आठवण ठेवणं हे त्या कठड्यावरचं काम नाही. वर्षाच्या ५२,५६० नोंदी कुठल्यातरी सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये जायला हव्यात, आणि तिथे मेहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर एसक्यूएलच्या एका वाक्यात मिळतं. तिथे २८ बाइटची कुणाला पर्वा नसते. तिथे महाग असतो तो माणसाचा वेळ.

मी कागदावर भाच्याला तीच पेटी वरवर वाढवत नेऊन दाखवली. चिपवर सी. चिपकडून आलेला निरोप घेणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम: पायथन, जावा किंवा गो. नोंदी ठेवायला एसक्यूएल. मेहुण्यांच्या फोनवरच्या ॲपला कोटलिन. तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराला ब्राउझरमध्ये पन्नास विहिरी एका पानावर बघायच्या असतील तर जावास्क्रिप्ट. एका मोटरीभोवती पाच भाषा झाल्या. भाच्याने कागदाकडे बघून विचारलं, "यातल्या कुठल्या थराला जास्त माणसं लागतात?" मला वाटतं, हाच खरा प्रश्न आहे. कोणती भाषा चांगली, यापेक्षा कुठल्या थरावरचं काम मला रोज करायला आवडेल आणि तिथे माणसं लागतात का, हे आधी ठरवावं. थर ठरला की भाषा दोन-तीनच उरतात.

चिपवर एक प्रोग्राम लिहिला की तो लाखो पेट्यांत तसाच जातो. वरच्या थरांत मात्र प्रत्येक बँकेचे नियम वेगळे, प्रत्येक विमा कंपनीचे फॉर्म वेगळे, प्रत्येक दुकानाचा हिशेब वेगळा, आणि सरकारने कर बदलला की सगळं पुन्हा बदलायचं. नोकऱ्यांची गर्दी वर आहे ती यामुळे. चिपवरचं काम हलकं आहे असा त्याचा अर्थ नाही.

मुलं भाषा निवडताना क्रमवारीच्या याद्या बघतात. त्या कशा बनतात ते माहीत असावं. टिओबी नावाची प्रसिद्ध यादी मुख्यतः सर्च इंजिनांवर भाषेच्या नावाला किती पानं सापडतात यावर बेतलेली आहे. ती नोकऱ्या मोजत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोच्या वार्षिक पाहणीत रस्ट ही भाषा २०१६ पासून दरवर्षी वापरणाऱ्यांची सर्वांत आवडती ठरत आली आहे. पण २०२४ च्या त्याच पाहणीत रस्ट वापरणारे साधारण आठांत एक होते आणि जावा वापरणारे दहांत तीन. आवड आणि वापर या दोन वेगळ्या मोजण्या आहेत. पहिली नोकरी शोधणाऱ्याने दुसरी आधी वाचावी.

आणखी एक मोजणी कुठल्याच यादीत नसते: ती भाषा किती दिवस पोसेल. कोबोलचा जन्म १९५९ चा. एप्रिल २०२० मध्ये, कोविडमुळे बेरोजगार भत्त्याचे अर्ज अचानक वाढले तेव्हा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांना पत्रकार परिषदेत कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांची मदत मागावी लागली, कारण भत्त्याची यंत्रणा चाळीसहून अधिक वर्षं जुन्या संगणकांवर चालत होती. दुसरीकडे, वेबसाइटवर हलती चित्रं आणि खेळ करणाऱ्या फ्लॅशच्या ॲक्शनस्क्रिप्टवर हजारो जणांनी पोट भरलं. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला; त्याच्या कितीतरी आधीच तिचं काम आटलं होतं. कोबोल टिकली कारण तिच्यात लोकांचे पैसे आणि हक्क अडकलेले आहेत आणि ते सगळं दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिण्याची जोखीम कुणी सहजी घेत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट गेली कारण ती एका कंपनीच्या एका प्लगइनवर उभी होती आणि ब्राउझरला त्या प्लगइनची गरज उरली नाही.

मी स्वतः हे जवळून पाहिलं आहे. माझी पहिली नोकरी एका लहान कंपनीत होती. औषधांच्या दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आम्ही व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहायचो. ती आवृत्ती १९९८ ची. पुढे मायक्रोसॉफ्टने डॉट नेट आणलं, जुना कोड त्यात सरळ जाईना, आणि २००८ मध्ये जुन्या आवृत्तीचा आधारही संपला. आमच्या खोलीत सहाजण बसायचो. ज्यांना फॉर्मवर बटणं मांडण्यापलीकडे काही येत नव्हतं त्यांना फार जड गेलं. एकजण मात्र औषधाच्या बॅचची, मुदत संपण्याची, परताव्याची आणि विक्रीकराची नाडी ओळखायचा, आणि डेटाबेसच्या क्वेरी अशा लिहायचा की मंद चालणारा महिनाअखेरचा रिपोर्ट क्षणात यायचा. त्याने सहा महिन्यांत सी शार्प उचलली आणि त्याच कामावर राहिला. भाषा बदलली तरी औषधाची बॅच तीच होती.

म्हणून एसक्यूएलबद्दल माझं मत ठाम आहे: कोणत्याही थरावर जायचं असो, ती आधी शिकावी. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये टेबलांच्या गणिताचा लेख लिहिला, चेंबरलिन आणि बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ मध्ये तिचं पहिलं रूप मांडलं, आणि आजचा नवशिका तेच 'निवडा, इथून, जिथे' लिहितो. पन्नास वर्षांत भोवतालच्या भाषांच्या तीन पिढ्या आल्या. तरीही जाहिरातींच्या शेवटी 'एसक्यूएल येणं अपेक्षित' असं बारीक अक्षरात येतं म्हणून मुलं तिला दुय्यम समजतात. मला याचं वाईट वाटतं.

आता जावा. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या मोठ्या इमारतींत जाणारा नवा पदवीधर बहुधा जावाच्या नाहीतर डॉट नेटच्या टीममध्ये जातो. जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये केलेली ही भाषा १९९५ मध्ये बाहेर आली. सीमधून येणाऱ्याला ती सुरुवातीला चिडवते. साधं काम करायला इतके शब्द कशाला? मेमरी आपण परत करायची नाही, गार्बेज कलेक्टर ती गोळा करणार, म्हणजे आपल्या हातात काय राहिलं? भाच्याचं पहिलं वाक्य हेच होतं. मी त्याला म्हणालो, "तुझा बाराशे ओळींचा कोड तुझ्या डोक्यात मावतो. बँकेचा लाखो ओळींचा कोड कुणाच्याच डोक्यात मावत नाही."

हौसेच्या आणि नोकरीच्या कोडमधला मोठा फरक मला इथे दिसतो. नोकरीत दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याने लिहिलेलं वाचण्यात जातो. तो दुसरा कंपनी सोडून गेलेला असतो. त्याने चलाखी करून चार ओळी वाचवल्या असतील तर तुमचा अख्खा दिवस जातो. जावाचा शब्दबंबाळपणा, प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी सांगण्याची सक्ती, मेमरीचा धोका भाषेनेच अंगावर घेणं, या सगळ्यामुळे पन्नास अनोळखी माणसं एका कोडवर बरीचशी सुरक्षितपणे काम करू शकतात. सीमध्ये एकाने दिलेला पॉइंटर दुसऱ्याने परत करून टाकला की तिसऱ्याच्या फाइलीत स्फोट होतो. त्यामुळे जावाकडे जाणारा सीवाला भाषेचे नियम महिन्यात शिकतो. अवघड जातं ते आजूबाजूचं: स्प्रिंग, चाचण्या लिहिणं, गिटवर दुसऱ्याच्या बदलांशी आपले बदल जुळवणं, आपला कोड चारजणांसमोर मांडून त्यांच्या सूचना ऐकणं. मुलाखतीतही त्यावरच पारख होते.

पायथनची गोष्ट वेगळी. गुइडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वाचायला सोपी, लिहायला भराभर, आणि धावायला मंद. तरीही हवामानाचे अंदाज, औषधांचं संशोधन आणि आजची बहुतेक कृत्रिम बुद्धिमत्ता तिच्यातून चालवली जाते, कारण कष्टाची कामं ती स्वतः करतच नाही. नमपायसारख्या लायब्ररीचा गाभा सीमध्ये लिहिलेला आहे. लाखभर आकडे मेमरीत एकाला एक लागून, प्रत्येकी ठरावीक बाइटमध्ये मांडलेले असतात आणि सीचा छोटा लूप त्यावरून धावतो. पायथन फक्त हुकूम देते. खालचा थर जाणणाऱ्याला इथे मोठा फायदा आहे. डेटा सायन्सच्या टीममध्ये 'हा प्रोग्राम तासभर का चालतो' हा प्रश्न रोज पडतो, आणि एकेक आकडा पायथनच्या लूपमधून नेल्यावर काय किंमत पडते हे ज्याला बाइटमध्ये दिसतं, तो त्याचं उत्तर देतो. मात्र नुसती पायथन येणं हे आज जवळजवळ काहीच सांगत नाही. तिच्याबरोबर संख्याशास्त्र, सर्व्हरची घडण किंवा एखादं क्षेत्र यायला हवं.

जावास्क्रिप्टबद्दल थोडक्यात. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप दहा दिवसांत केलं आणि आज ब्राउझरमध्ये तिच्यावाचून चालत नाही. ज्याला माणसांच्या डोळ्यांसमोरचं काम आवडतं त्याने तिथे जावं, पण टाइपस्क्रिप्टसह. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणलेली ही भाषा जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त लावते आणि मोठ्या टीममध्ये आता तीच चालते. गो ही गुगलची २००९ ची भाषा. तिच्या तीन जनकांपैकी केन थॉम्पसन हे युनिक्सच्याही जनकांपैकी. डॉकर आणि कुबरनेटिस तिच्यात लिहिलेले आहेत. सीवाल्याला ती माहेरासारखी वाटते, आणि सर्व्हर, नेटवर्क, क्लाउड यांत रमणाऱ्याला मी ती दुसरी भाषा म्हणून नक्की सुचवीन.

खालच्या थरावर राहण्याची वाटही आहे, आणि पुण्याच्या मुलांना तर ती दाराशी आहे. चाकण आणि पिंपरी-चिंचवडला गाड्या बनतात, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय पुण्यात गाड्यांच्या चाचण्या करते, आणि गाडीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कंपन्या शहरभर आहेत. इंजिन, ब्रेक, एअरबॅग, बॅटरी, प्रत्येकाचा छोटा संगणक वेगळा. ते एकमेकांशी कॅन बसवर बोलतात. बॉशने ती १९८६ मध्ये जगापुढे मांडली. इथली भाषा सी आणि सी प्लस प्लसच आहे, पण ती हौशी सी नाही. मिस्रा नावाची नियमावली १९९८ पासून आहे. तिच्यानुसार चालू प्रोग्राममध्ये नव्याने मेमरी मागायची नाही, फंक्शनने स्वतःला पुन्हा हाक मारायची नाही, कारण ब्रेक दाबल्यावर 'मेमरी शिल्लक नाही' हे उत्तर चालत नाही. त्यावर ऑटोसारची चौकट, आयएसओ २६२६२ चे सुरक्षिततेचे टप्पे, आणि प्रत्येक ओळ कुठल्या गरजेतून आली याचा कागद. भाच्याला सी येते हे खरं, पण या कामाला ती पाव भागच पुरते. उरलेली शिस्त शिकावी लागते. सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टिम्स डिझाइनचा सहा महिन्यांचा डिप्लोमा याच वाटेवरचा आहे. त्यांचाच ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा जावा, डॉट नेट आणि वेबच्या वाटेवरचा. दोन्हींची प्रवेशपरीक्षा सी-कॅट. म्हणजे परीक्षा एकच असली तरी थर आपणच निवडावा लागतो.

रस्टही याच मजल्यावर येते आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की त्यांच्या दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरहाताळणीतून येतात. गुगलने अँड्रॉइडचा नवा कोड रस्टसारख्या भाषांत लिहायला घेतला आणि मेमरीच्या दोषांचं प्रमाण २०१९ मधल्या ७६ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आलं. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. ही दिशा पक्की आहे असं मला वाटतं. पण आज पुण्यात रस्टची पहिली नोकरी मागणाऱ्या नवशिक्याला फार दारं उघडी दिसत नाहीत. सी चांगली पक्की करून, तिच्यासोबत रस्ट शिकत राहणं हे शहाणपणाचं.

सांगून झाल्यावर मी भाच्याला एक काम दिलं. पुणे आणि कोल्हापूरच्या तीस जाहिराती उघडायच्या, भाषेच्या नावावर हात ठेवायचा आणि उरलेली वाक्यं वाचायची. दोन दिवसांनी तो वही घेऊन आला. जिथे हाताखाली जावा होती तिथे उरलेल्या वाक्यांत स्प्रिंग, एसक्यूएल, मेसेज क्यू, बँक, विमा असं होतं. सीच्या जाहिरातींत कॅन, आरटीओएस, ऑसिलोस्कोप, वाहन. पायथनच्या जाहिराती दोन गटांत फुटल्या: अर्ध्या डेटाच्या, अर्ध्या सर्व्हर आणि चाचण्यांच्या. जवळपास सगळ्यांत गिट. त्याने स्वतःच एक गोष्ट हेरली: 'तुम्ही केलेलं काम दाखवा' असं बऱ्याच ठिकाणी लिहिलं होतं, आणि त्याच्याकडे विहिरीवर दाखवण्यासारखं काम होतं, पण ते कुणाला बघता येईल अशा जागी नव्हतं.

कोड लिहून देणारी एआयची साधनं आल्यावर भाषा शिकायची तरी का, असंही त्याने विचारलं. भाच्याने त्याच्या मोटरीचा वेळेचा कोड अशा साधनाकडून एकदा लिहून घेतला होता. तो नीट चालला, आणि त्यात तीच बेरीज होती. त्याला ती दिसली, कारण पन्नासावा दिवस त्याने भोगलेला होता. टंकनाचं काम स्वस्त होत जाईल तसतसं वाचून चूक पकडणाऱ्याला अधिक मोल येईल, आणि त्यासाठी एक तरी भाषा हाडीमासी खिळलेली हवी.

शेवटी आम्ही असं ठरवलं: सी सोडायची नाही, सहा महिने पायथन आणि एसक्यूएल, आणि त्या दोन्ही पुस्तकातल्या उदाहरणांवर न शिकता पेटीच्याच पुढच्या थरावर. त्यानंतर वाहनाकडे जायचं की सर्व्हरकडे ते बघू; सर्व्हरकडे गेला तर जावा. जुन्या लॅपटॉपवर त्याने पायथनचा छोटा प्रोग्राम बसवला. पेटी दर दहा मिनिटांनी पातळी पाठवते, तो ती एसक्यूलाइटच्या टेबलात टाकतो. टेबलात दोनच रकाने: वेळ आणि पातळी.

माघात त्याने मला पहिला आलेख पाठवला. मोटर बंद झाल्यावर विहिरीत पाणी चढतं ते सुरुवातीला झपाट्याने आणि मग हळूहळू, हे रेषेत स्वच्छ दिसत होतं. पाणी खोल असताना झरे जोरात येतात, पातळी वर आली की मंदावतात. म्हणजे आठ तास सलग ओढत बसण्यापेक्षा मध्ये थांबून दोन टप्प्यांत ओढलं तर त्याच लाइटमध्ये मोटर कोरडी न पडता चालते. मेहुण्यांना हे अनुभवाने माहीत होतं. आता किती वेळ थांबायचं याचा आकडा मिळाला.

मार्चच्या मध्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. शेजारच्या वस्तीवरच्या काकांनी आलेख पाहिला होता आणि त्यांनाही त्यांच्या विहिरीवर पेटी हवी होती, पैसे देऊन. भाच्याने होकार दिला, घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि त्याच्या लक्षात आलं की टेबलात विहिरीचा रकानाच नाही. नोंद कुठल्या विहिरीची हे लिहायला जागाच ठेवली नव्हती, कारण विहीर एकच होती.

"मामा, अठरा हजार नोंदी झाल्यात. त्या न पुसता सगळ्यांना आता विहीर क्रमांक एक कसा लावू? आणि पेटीतला कोड पण बदलावा लागेल ना, ती आपण कोण ते सांगतच नाही."

मी म्हणालो, आधी टेबलाची एक प्रत काढून ठेव, मग आपण दोघं बघू. फोनवर कीबोर्डचा आवाज सुरू झाला होता.